कार्बन मूलकांचे स्थैर्य

कार्बन मूलकांचे स्थैर्य : सामान्य कार्बनी संयुगात कार्बनाच्या प्रत्येक अणूचे चार बंध असतात व प्रत्येक बंधात इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते. एखादा बंध तुटताना ही जोडी फुटून एकेक इलेक्ट्रॉन दोन्ही तुकड्यांच्या वाट्यास आला, तर त्या तुकड्यांना मुक्त मूलके म्हणतात. जोडीदार नसलेला म्हणजे अयुग्मित इलेक्ट्रॉन कार्बन अणूवर असेल, तर ते कार्बन मूलक होय. अशी बहुतेक मूलके क्षणजीवी असतात. समोर येईल त्या रेणूतून हायड्रोजन अणू ओढून घेऊन, द्विबंधावर चढून किंवा दुसऱ्या मूलकाशी जोडले जाऊन ती नाहीशी होतात. मात्र सर्व मूलके सारखीच अस्थिर नसतात. मिथिल मूलक सेकंदाच्या अल्पशा अंशापुरते टिकते, तर काही मूलके स्फटिकरूपात बाटलीत ठेवता येतात. हा फरक अयुग्मित इलेक्ट्रॉन धारण करणाऱ्या कार्बनामुळे पडत नाही. त्या कार्बनावर हायड्रोजनाच्या जागी जे गट आलेले असतात त्यांच्यामुळे पडतो. अशा गटांना प्रतिष्ठापित गट म्हणतात. या गटांचा प्रभाव ओळखण्यास विसाव्या शतकाचा बराच भाग खर्ची पडला; त्यातील सुमारे साठ वर्षे तर रसायनशास्त्रज्ञ एका चुकीच्या संरचनेच्या आधारावर योग्य दिसणारी अनुमाने काढीत होते.

मूलक हा शब्द मुक्त मूलकाहून पुष्कळ जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तो संयुगातील अखंड राहणाऱ्या भागासाठी योजला. १८३२ मध्ये फ्रीड्रिख व्हलर व युस्टुस फोन लीबिख यांनी बेंझॉइल गट अनेक संयुगांतून जसाच्या तसा फिरतो, असे दाखविल्यावर हे गट सुटे करण्याची जणू स्पर्धा सुरू झाली. रोबर्ट बुन्सेन यांना आर्सेनिकाचे कॅकोडिल सुटे मिळाल्यासारखे वाटले. १८४९ मध्ये एडवर्ड फ्रँकलंड यांनी एथिल आयोडाइडावर जस्ताची विक्रिया करून ‘एथिल’, तर हेर्मान कोल्बे यांनी ॲसिटेटाच्या विद्युत् विच्छेदनाने ‘मिथिल’ मिळविल्याचे जाहीर केले. पुढे रेणुभारांची निश्चिती होताच हे पदार्थ अनुक्रमे ब्यूटेन व एथेन आहेत, म्हणजे दोन मूलके एकत्र येऊन बनलेली साधी हायड्रोकार्बने आहेत, असे ठरले. मूलके निर्माण झाली होती, पण हाती लागली ती त्यांची जोडपी. यानंतर कार्बन सदैव चतुःसंयुजीच असतो, हा रसायनशास्त्राचा जवळजवळ धर्मनियम झाला आणि मुक्त मूलकाचा शोध घेणे हे प्रतिष्ठित संशोधकास न शोभणारे काम मानले जाऊ लागले.

गोंबर्ग यांचा फसलेला प्रयोग : मोझेस गोंबर्ग (१८६६–१९४७) हे रशियन साम्राज्यातील एलिझावेटग्राड (हल्लीचे युक्रेनमधील क्रोपिव्नित्स्की) येथे जन्मलेले व अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात स्थिरावलेले रसायनशास्त्रज्ञ. १८९७ मध्ये हायडल्बर्ग येथे त्यांनी एका कार्बनावर चार फिनिल गट असलेले टेट्राफिनिल मिथेन तयार केले होते. पुढची पायरी म्हणून एथेनाचे सहाही हायड्रोजन काढून तेथे फिनिल गट बसविण्याचा, म्हणजे हेक्झॅफिनिल एथेन बनविण्याचा त्यांचा बेत होता. ट्रायफिनिल मिथिल क्लोराइडावर धातूची विक्रिया केली असता पांढरा स्फटिकी पदार्थ मिळाला खरा, पण विश्लेषणात कार्बनाचे प्रमाण अपेक्षित ९४ टक्क्यांऐवजी सुमारे ८८ टक्केच भरले. एखाद्या उतावळ्या संशोधकाने हा फरक अशुद्धीच्या माथी मारला असता. गोंबर्ग यांनी प्रयोग पुनःपुन्हा केला आणि उरलेले सहा टक्के ऑक्सिजनाचे आहेत, म्हणजे हवेतील ऑक्सिजन शिरून पेरॉक्साइड बनत आहे, असा निष्कर्ष काढला. मग त्यांनी हवा वर्ज्य करून कार्बन डाय-ऑक्साइडाच्या वातावरणात विक्रिया घडवून आणली. आता पिवळा विद्राव मिळाला. हवा लागताच रंग जाई, आयोडिनाशीही तो तत्काळ संयोग पावे. संतृप्त हायड्रोकार्बनाचे हे वर्तन नव्हे. १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी हा त्रिसंयुजी कार्बन आहे, असे ठाम प्रतिपादन केले आणि हे क्षेत्र स्वतःसाठी राखून ठेवण्याची इच्छाही नमूद केली. ती इच्छा अर्थातच फार काळ पाळली गेली नाही.

विद्रावातील बहुतांश पदार्थ द्विवारिक, म्हणजे दोन मूलकांच्या जोडीच्या स्वरूपात असतो व थोडासाच मोकळा असतो, हे लवकरच कळून आले. बेंझिनातील सामान्य विद्रावात नेहमीच्या तापमानास मोकळ्या मूलकाचे प्रमाण सुमारे दोन टक्के असते. विद्राव तापविला असता रंग गडद होतो, थंड केला असता फिकट होतो. द्विवारिक म्हणजेच मुळात हवे असलेले हेक्झॅफिनिल एथेन, असे बहुतेकांनी गृहीत धरले. १९०५ मध्ये पाउल याकोबसन यांनी वेगळी, असममित संरचना सुचविली होती. पण ती मागे पडली. १९१० मध्ये व्हिल्हेल्म श्लेंक यांनी फिनिलाऐवजी बायफिनिल गट वापरून विद्रावात पूर्णपणे मोकळे राहणारे मूलक मिळविले. यातून एक सुटसुटीत मोजपट्टी तयार झाली : द्विवारिक जितके अधिक तुटते, तितके त्यातील मूलक अधिक स्थिर. निरनिराळे गट जोडून तुटीचे प्रमाण मोजण्याचे काम पुढे कित्येक प्रयोगशाळांतून चालले व त्याचे तक्ते पाठ्यपुस्तकांत आले.

शिशाचे आरसे : साध्या मूलकांचे अस्तित्व मात्र अजून सिद्ध व्हावयाचे होते. ते १९२९ मध्ये फ्रिट्स पानेट व व्हिल्हेल्म होफेडित्स यांनी बर्लिन येथे एका विलक्षण सोप्या प्रयोगाने केले. टेट्रामिथिल लेडाची वाफ हायड्रोजनाच्या प्रवाहाबरोबर काचेच्या नळीतून सोडून नळी एका ठिकाणी तापविली, की तेथे आत शिशाचा आरसा जमे. नंतर ज्योत प्रवाहाच्या उगमाकडे सरकविली, की नवा आरसा तेथे धरे आणि पुढचा जुना आरसा हळूहळू नाहीसा होई. पहिल्या ठिकाणी सुटलेली मिथिल मूलके वाहत जाऊन पुढच्या शिशाशी पुन्हा संयोग पावत होती. दोन जागांमधील अंतर व वायूचा वेग यांवरून मूलकाचे अर्धायुष्य काढता आले. ते सेकंदाच्या सुमारे सहा सहस्रांश भरले. एखाद्या अदृश्य पदार्थाचे आयुष्य फूटपट्टीने मोजण्याचा असा प्रसंग रसायनशास्त्रात विरळाच.

यानंतर एफ्. ओ. राइस यांनी हायड्रोकार्बनांचे उष्णतेने होणारे भंजन मूलकांच्या शृंखला विक्रियेने घडते, हे दाखविले (१९३१–३४). राइस यांना असे आढळले की, मूलक रेणूतील कोणताही हायड्रोजन सारख्याच सहजतेने ओढत नाही. टोकाच्या कार्बनावरील म्हणजे प्राथमिक हायड्रोजनापेक्षा दोन कार्बनांमधील द्वितीयक व त्याहून तीन कार्बनांना जोडलेल्या कार्बनावरील तृतीयक हायड्रोजन अधिक सहज निघतो. शिकागो येथे एम्. एस्. खराश व एफ्. आर्. मेयो यांनी १९३३ मध्ये लावलेला पेरॉक्साइड परिणाम हा याच नियमाचा दुसरा आविष्कार होय. प्रोपिलिनाशी हायड्रोजन ब्रोमाइडाचा संयोग झाला असता ब्रोमीन मधल्या कार्बनावर जातो, पण पेरॉक्साइडाचा अंश असेल तर टोकाच्या. १९३७ मध्ये याचा उलगडा झाला. मूलक-मार्गाने प्रथम ब्रोमीन अणू जोडला जातो व तो टोकालाच जोडला गेल्यास मागे उरणारे मूलक द्वितीयक, म्हणजे अधिक स्थिर असते. त्यापूर्वी निरनिराळ्या प्रयोगशाळांना एकाच विक्रियेची परस्परविरोधी फले मिळत. दोष संशोधकांचा नसून फडताळात जुनी झालेल्या, हवेने पेरॉक्साइड धरलेल्या द्रवांचा होता.

मापन व कारणे : मूलकाच्या स्थैर्याचे रूढ माप म्हणजे ते निर्माण करण्यासाठी कार्बन-हायड्रोजन बंध तोडण्यास लागणारी ऊर्जा. मिथेनात ती प्रत्येक मोलास सुमारे ४३९ किलोजूल, एथेनात ४२२, प्रोपेनाच्या मधल्या कार्बनावर ४१२ व आयसोब्यूटेनाच्या तृतीयक कार्बनावर ४०३ च्या आसपास असते. टोल्यूइनाच्या मिथिल गटात ती ३७५ वर येते व प्रोपिलिनाच्या मिथिल गटात सुमारे ३७० होते. उलट, द्विबंधाच्या कार्बनावरील हायड्रोजन तोडण्यास एथिलिनात सुमारे ४६४ व बेंझिनात ४७२ किलोजूल लागतात. जुन्या पाठ्यपुस्तकांतील अल्किल मूलकांच्या किंमती यापेक्षा कमी दिसतात; १९८० नंतरच्या अधिक काटेकोर मापनांनी त्या वर नेल्या. मिथिल गटांचा स्थैर्यदायी प्रभाव खरा आहे, पण एके काळी मानला जाई तितका मोठा नाही.

या आकड्यांमागील तत्त्व एकच आहे : एकाकी इलेक्ट्रॉनाला पसरण्यास जितकी जागा मिळते, तितकी मूलकाची ऊर्जा कमी होते. शेजारी मिथिल गट असेल, तर त्याच्या कार्बन-हायड्रोजन बंधांतील इलेक्ट्रॉनांशी त्याची थोडी सरमिसळ होते; यास अतिसंयुग्मन म्हणतात. शेजारी द्विबंध वा बेंझीन वलय असेल, तर इलेक्ट्रॉन एका जागी न राहता अनेक कार्बनांवर वाटला जातो. ऑक्सिजन किंवा नायट्रोजन शेजारी असेल, तर त्यांच्यावरील मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी हातभार लावते. द्विबंधाच्या कार्बनावर व बेंझीन वलयावरच निर्माण होणाऱ्या मूलकांत मात्र इलेक्ट्रॉन वलयाच्या प्रतलात अडकून पडतो. शेजारच्या द्विबंधाचा त्याला काही उपयोग होत नाही. बेंझीन वलयाला चिकटलेला कार्बन आणि बेंझीन वलयाचा स्वतःचा कार्बन यांत सुमारे शंभर किलोजुलांचे अंतर पडते, ते यामुळे.

यावरून एक अडचणीचा प्रश्न निर्माण होतो. एका फिनिल गटाने ६४ किलोजुलांचा लाभ होतो, पण दुसरा गट त्यात सुमारे २२ व तिसरा त्याहूनही कमी भर घालतो. कारण तीन वलये एका प्रतलात मावत नाहीत. ती पंख्याच्या पात्यांसारखी पिळलेली राहतात आणि इलेक्ट्रॉनाचा प्रसार अडतो. मग ट्रायफिनिल मिथिल इतके दीर्घजीवी का?

उत्तर १९६८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठातील एच्. लँकँप, डब्ल्यू. टी. नाउटा व सी. मॅक्लीन यांनी दिले. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने गोंबर्ग यांच्या द्विवारिकाचा वर्णपट पाहिला असता त्यात हेक्झॅफिनिल एथेनाच्या सममितीचा मागमूसही नव्हता. दोन मूलके मध्यवर्ती कार्बनांनी जोडली गेलेलीच नव्हती. एकाचा मध्यवर्ती कार्बन दुसऱ्याच्या फिनिल वलयाच्या दूरच्या टोकास जोडलेला होता. याकोबसन यांनी १९०५ मध्ये सुचविलेली संरचना मूलतः बरोबर होती. सहा फिनिल गट इतकी दाटी करतात की, मधला बंध बनण्याइतके दोन कार्बन जवळच येऊ शकत नाहीत. द्विवारिकांच्या तुटीवरून अर्धशतकभर तयार केलेले तक्ते मूलकाच्या आंतरिक स्थैर्याइतकेच या दाटीचेही होते. त्यातही एक गमतीची भर अशी की, वलयांवर आणखी मोठे ब्यूटिल गट बसविलेले खरेखुरे हेक्झॅफिनिल एथेन १९७८ मध्ये स्फटिकरूपात मिळाले. अधिक दाटीने बंध अधिक दुबळा व्हावयास हवा होता. पण परिघावरील बारा ब्यूटिल गटांमधील क्षीण आकर्षणे एकत्र येऊन रेणूला आवळून धरतात, असे २०११ मधील गणितांनी दाखविले.

डी. ग्रिलर व के. यू. इंगोल्ड यांनी ऑटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेतून १९७६ मध्ये लिहिलेल्या लेखात हा गोंधळ निस्तरला. त्यांनी ‘स्थिर’ व ‘टिकाऊ’ हे दोन शब्द वेगळे केले. बंध तोडण्यास कमी ऊर्जा लागते म्हणून जे सहज निर्माण होते ते स्थैर्य पावलेले मूलक. आणि जे आपल्या परिसरात पुष्कळ वेळ टिकते, मग त्याची ऊर्जा काही का असेना, ते टिकाऊ मूलक. बेंझिल मूलक स्थैर्य पावलेले आहे, पण दुसरे बेंझिल मूलक भेटताच ते नाहीसे होते. याउलट मोठ्या ब्यूटिल गटांनी वेढलेले साधे अल्किल मूलक इलेक्ट्रॉनाचा विशेष प्रसार नसतानाही टिकते, कारण त्याच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही. पहिला गुण ऊर्जेचा, तर दुसरा वाटेवरील अडथळ्यांचा. बार्सेलोना येथे मानुएल बाल्येस्टेर यांनी ट्रायफिनिल मिथिलाचे सर्व हायड्रोजन काढून तेथे क्लोरीन बसविले (१९७१), तेव्हा मिळालेले मूलक हवेतही वर्षानुवर्षे टिकणारे निघाले. क्लोरिनाचे अणू मधल्या कार्बनाभोवती तटासारखे उभे असतात. अशा क्लोरीनयुक्त मूलकांच्या वंशातील संयुगे २०१५ नंतर प्रकाश उत्सर्जक डायोडांत वापरून पाहण्यात आली आहेत. इलेक्ट्रॉन देणारा व इलेक्ट्रॉन ओढणारा असे दोन गट एकाच कार्बनावर असल्यास बेरजेपेक्षा अधिक स्थैर्य मिळते, ही एच्. जी. व्हीए यांनी १९७९ मध्ये मांडलेली कल्पनाही बरीच गाजली. अशी काही भर पडते हे मान्य असले, तरी ती किती याबद्दल मतभेद राहिले.

ठाणे परिसरातील उपयोग : गटांचा हा प्रभाव औद्योगिक प्रमाणावर वापरला गेल्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रात ठाणे खाडीच्या पूर्वेस ठाणे-बेलापूर मार्गावर सापडते. तेथे नॅशनल ऑर्गॅनिक केमिकल इंडस्ट्रीज (नोसिल) या कंपनीच्या नॅप्था भंजन संयंत्राचा आरंभ १९६८ मध्ये झाला. नॅप्थाची वाफ सुमारे ८०० से. तापमानास क्षणभर तापविली, की राइस यांनी वर्णिलेली शृंखला सुरू होते. लांब मूलके अयुग्मित इलेक्ट्रॉनापासून दुसऱ्या बंधाशी तुटून एथिलीन व प्रोपिलीन देतात आणि मूलक कोणत्या कार्बनावर आहे यावर या दोहोंचे प्रमाण ठरते. हे संयंत्र आता राहिलेले नाही. कंपनी रबर रसायनांचे उत्पादन करते.

त्याच मार्गावरील हर्डिलिया केमिकल्स या कंपनीने क्यूमीन पद्धतीने फिनॉल व ॲसिटोन यांचे उत्पादन केले. ही पद्धत मुळात हाइन्रिख होक व शोन लांग यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विक्रियेवर आधारलेली आहे. ब्रिटनमधील डिस्टिलर्स व अमेरिकेतील हर्क्युलस या कंपन्यांनी तिला कारखान्याचे रूप दिले आणि या दोन नावांची आद्याक्षरे ‘हर्डिलिया’ या नावात उतरली आहेत. क्यूमीन हे बेंझीन व प्रोपिलीन यांपासून बनते. त्याच्या रेणूत बारा हायड्रोजन असतात : पाच वलयावर, सहा दोन मिथिल गटांवर व एक मधल्या कार्बनावर. सुमारे १०० से. तापमानास क्यूमिनातून हवा सोडली असता हा एकटा हायड्रोजनच प्रथम निघतो, कारण मागे उरणाऱ्या मूलकास एक फिनिल व दोन मिथिल गट असा तिहेरी आधार मिळतो. त्यावर ऑक्सिजन बसून पेरॉक्सी मूलक बनते. ते शेजारच्या क्यूमिनाचा तोच हायड्रोजन ओढते आणि स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होते. ऑक्सिडीकरण अर्ध्याहून पुष्कळ आधी थांबवून हायड्रोपेरॉक्साइड संहत करतात व थोड्या सल्फ्यूरिक अम्लाने त्याचे विघटन घडवितात. एक टन फिनॉलामागे सुमारे ०·६ टन ॲसिटोन मिळते. टोल्यूइनापासून असा फिनॉल मिळत नाही. दोन मिथिल गटांचा फरक सगळा व्यवसाय ठरवून जातो. अर्थात जो बंध इतक्या सहज तुटतो त्याच्यापासून बनलेला पेरॉक्साइडही तसाच हळवा असतो. त्याचे तापमान व संहती काटेकोरपणे सांभाळावी लागते, कारण एकदा विघटनाने वेग घेतला की सुटणारी उष्णता त्याला आणखी वेग देते.

हाच नियम कारखान्याबाहेर, कोणाच्याही इच्छेशिवाय कसा चालतो, हे पाहण्यास ठाण्याच्याच घोडबंदर मार्गाचे उदाहरण घेता येईल. माजिवडे-कापूरबावडी येथून निघून एका बाजूस येऊरचे डोंगर व दुसऱ्या बाजूस उल्हास नदीची खाडी ठेवीत हा मार्ग गायमुखावरून घोडबंदरला जातो आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गास मिळतो. न्हावा-शेवा बंदर व गुजरात यांमधील अवजड वाहतूक त्यावरून चालते. कोलशेत-बाळकुम भागात या मार्गालगत रंगद्रव्ये व कीटकनाशके यांचे कारखाने होते. त्यांपैकी अनेकांच्या जागी आता उंच निवासी इमारती उभ्या आहेत. रसायनांचे कारखाने गेले तरी मूलके गेली नाहीत. डांबरात वलयांना जोडलेल्या अल्किल शाखा विपुल असतात. वलयाला लागून असलेल्या कार्बनाचा हायड्रोजन ऑक्सिजन ओढून घेतो व तेथे कीटोन गट बनतो. डांबर हळूहळू कडक व ठिसूळ होते. याचा मोठा वाटा खडी व डांबर तापवून मिसळतानाच, पातळ थर उष्ण हवेत उघडा पडल्याने घडून जातो. पावसाळ्यात पडणाऱ्या खड्ड्यांचा दोष प्रामुख्याने पाणी व वाहनांचा भार यांचा असला, तरी पाणी ज्या भेगांतून शिरते त्या भेगांमागे हे जुनेपण असते.

त्याच रस्त्यावरील टायरांच्या रबरात द्विबंधाशेजारचे हायड्रोजन रांगेने असतात व ते सर्वच सहज निघणारे. म्हणून रबरात स्वतःचा हायड्रोजन आधी देणारी फिनिलीन डायअमाइन वर्गातील प्रतिऑक्सिडीकारके घालतात. वर उल्लेखिलेल्या रबर रसायनांत त्यांचा समावेश होतो. त्यांपैकी एका प्रमुख संयुगापासून ओझोनामुळे बनणारे क्विनोन सॅमन जातीच्या एका माशास अत्यंत विषारी आहे, असे अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तेव्हापासून रस्त्यावरून वाहून जाणाऱ्या टायरच्या भुकटीकडे नव्या दृष्टीने पाहिले जाते. पेट्रोलातही गटांचा प्रभाव आहेच. सरळ साखळीच्या हेप्टेनाने एंजिन ठोके देते, फाटे फुटलेल्या आयसोऑक्टेनाने देत नाही. ठोके टाळण्यासाठी टेट्राएथिल लेड घालण्याची पद्धत १९२१ मधील शोधापासून चालत आली होती. पानेट यांच्या नळीतील संयुगाचेच हे भावंड. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हीच गोष्ट अधिक धोक्याची ठरते. डायएथिल ईथर उघड्या बाटलीत हळूहळू पेरॉक्साइड धरते, हे परिचित आहे. डायआयसोप्रोपिल ईथर त्याहून पुष्कळ लवकर धरते, कारण त्यातील ऑक्सिजनालगतचा प्रत्येक कार्बन तृतीयक असतो व ऑक्सिजन आणि दोन मिथिल गट असे तिघे मूलकास आधार देतात. अशी उघडलेली बाटली तीन महिन्यांपेक्षा अधिक ठेवू नये, असा संकेत आहे. बुचाभोवती स्फटिक दिसत असल्यास ती उघडण्याचा प्रयत्नही करू नये; फिरविण्याच्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो.

हळदीचा वाद : ठाणे खाडीच्या पश्चिमेस तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात इलेक्ट्रॉनांचा अतिशय अल्पकालिक झोत विद्रावावर सोडून क्षणजीवी मूलकांचे वर्णपट टिपण्याची सोय आहे. तेथील एका संशोधनाने कार्बन मूलकाविषयीच्या आंतरराष्ट्रीय वादात निर्णायक पुरावा दिला. वादाचा विषय होता हळदीतील पिवळे द्रव्य करक्यूमीन. त्याच्या रेणूच्या दोन्ही टोकांस फिनॉली हायड्रॉक्सी गट असलेली वलये आणि मध्ये दोन कार्बोनिल गटांत पकडलेला एक कार्बन असतो. मूलकांना निष्प्रभ करताना करक्यूमीन हायड्रोजन देते, तो कोठून? १९९९ मध्ये एस्. व्ही. जोव्हानोविच व सहकाऱ्यांनी तो मधल्या कार्बनावरून दिला जातो, म्हणजे कार्बन मूलक बनते, असा निष्कर्ष काढला. दोन कार्बोनिल गटांचा आधार पाहता हे अगदीच अशक्य नव्हते. २००० मध्ये कॅनडातील एल्. आर्. सी. बार्कले यांनी याला हरकत घेतली. फिनॉली गट नसलेली करक्यूमिनाची भावंडे त्यांच्या प्रयोगांत निष्क्रिय ठरली होती.

भाभा केंद्रातील के. इंदिरा प्रियदर्शिनी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये करक्यूमीन आणि फिनॉली हायड्रॉक्सी गट मिथिल गटांनी झाकलेले त्याचे रूप यांची तुलना केली. झाकलेल्या रूपात मधला कार्बन जसाच्या तसा असतो. हायड्रोजन खरोखर तेथून जात असेल, तर दोन्ही पदार्थ सारखेच वागावयास हवेत. तसे झाले नाही. झाकलेले रूप मूलकांशी फारच मंदपणे विक्रिया करी व मेदांचे ऑक्सिडीकरण रोखण्यातही बरेच दुबळे ठरले. विशेष म्हणजे गणिताने काढलेल्या ऊर्जा दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारख्या होत्या. कार्बन मूलक ऊर्जेच्या हिशेबात फिनॉली मूलकाच्या तोडीचे होते. तरीही विक्रिया फिनॉलाच्या वाटेने जात होती, कारण ती वाट जलद होती. करक्यूमीन विद्रावात बहुतांशी ज्या रूपात असते त्यात मधला कार्बन द्विबंधाचाच भाग झालेला असतो आणि तेथील हायड्रोजन सहज निघणारा राहत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. २००४ मध्ये जी. लिट्विनिएन्को व इंगोल्ड यांनी, मूलकाचे टिकाऊपण व स्थैर्य वेगळे करणाऱ्या त्याच इंगोल्ड यांनी, आणखी एक पायरी उलगडली. मिथेनॉलासारख्या विद्रावकांत करक्यूमीन प्रथम प्रोटॉन गमावून ऋण आयन बनते व हा आयन मूलकास इलेक्ट्रॉन देतो. विद्रावात थोडे ॲसिटिक अम्ल घातले, की प्रोटॉन सुटणे रोखले जाते व विक्रिया मंदावते.